अंबाजोगाई: पायी फिरू, आजोबांना विचारू

आजचा भाग अंबाजोगाईचा.

पाहुणा आला की आपण त्याला योगेश्वरीचं दर्शन घडवतो आणि स्टँडवर सोडतो. तेवढ्यात किती राहून जातं बघा! हत्तीखान्यात खडक कोरून केलेली लेणी आहे, अंगणात दगडी हत्ती. मुकुंदराजांची समाधी इथलीच. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 चा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या 102 वर्षं आधीचा. दासोपंतांनी तर कापडावर ग्रंथ लिहिला, तीच ती पासोडी.

हे दगडावर, कापडावर टिकलं. पण निजामाच्या राजवटीत गावाला मोमिनाबाद म्हणत, स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, तेव्हाच्या घराघरातल्या, बाजारातल्या गोष्टी? त्या माणसांच्या आठवणीतच आहेत. 17 सप्टेंबर 1948 ला, मराठवाडा मुक्त झाला तेव्हा, दहा वर्षांचं असलेलं पोरगं आज नव्वदीकडे झुकलंय.

मी सॉफ्टवेअरवाला, कोडचा बॅकअप रोज घेतो. आजोबांच्या आठवणींचा कोण घेणार?

या रविवारी एवढंच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी इथं काय होतं?" त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि मधे बोलू नका. चला, भेटू पुढच्या भागात.