जीप-पिकअपची मागची बाजू बसते तेव्हा
(भाषणाचा मजकूर)



ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना 'उलाळ' हा शब्द समजावून सांगायला नको. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि चढाला बैलांचा जोर लागत नाही. अशा वेळी आपण आख बदलत नाही, माल पुढं ओढून घेतो. आता आपल्या शेवगाव भागात बैलगाडीच्या जागी जीप आली, पिकअप आली, पण उलाळ व्हायचं काही थांबलेलं नाही. फरक एवढाच, की वर उचललेलं जू आता डोळ्यांना दिसत नाही. मागचं अंग खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात सैल लागतं. मग आपण म्हणतो, "गाडी मागं मऊ पडली, दोन पाटे वाढवून घेऊ."

मीही तसंच म्हणालो होतो. आमच्या घरी जुनी फोर-व्हील जीप आहे. खताच्या गोण्या, सरकी, पाण्याची टाकी, सगळं तिच्यावरच. मागचं अंग इतकं बसायचं, की खड्ड्यात आख चेसीवर आपटायचा. मी कारागिराला सांगितलं, "दोन जाड पाटे टाक, पुन्हा कटकट नको." त्यानं टाकले. भरली गाडी छान चालली. पुढच्याच आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर आम्ही रिकामी गाडी घेऊन मळ्यात निघालो. मागं वहिनी बसल्या होत्या. काळ्या रानातल्या चाकोरीत मागची चाकं दबायलाच तयार नाहीत, टणाटणा उडायला लागली. एका उडीत गाडी आडवी झाली आणि बांधाला जाऊन धडकली. वहिनींचा हात मोडला. ऐन वेचणीच्या दिवसांत त्या दीड महिना घरी बसल्या. चूक कारागिराची नव्हती, ती माझी होती. गाडी का बसते हे न बघताच मी औषध सांगून मोकळा झालो होतो.

तेव्हा आजची गोष्ट एवढीच, की पाटा वाढवण्याआधी कारण शोधा.

कमान काय काम करते

महिंद्र कंपनीनं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला पुढं-मागं पोलादी पाट्यांच्याच कमानी होत्या. आजही बहुतेक पिकअपच्या मागच्या बाजूला पाट्यांचीच कमान असते. तिची कामं दोन. एक म्हणजे वजन पेलणं. दुसरं काम आपण विसरतो. ते म्हणजे जमीन खाली-वर असली तरी चाक जमिनीला टेकलेलं ठेवणं. चाक टेकलं तरच ते ओढतं आणि तरच ब्रेक लागतो. कमान फार मऊ झाली तर पहिलं काम बिघडतं, फार कडक झाली तर दुसरं. नांगरलेल्या रानात किंवा ओढ्याच्या उतारावर एक मागचं चाक अधांतरी राहिलं, की ते जागीच गरगर फिरतं आणि गाडी रुतते.

शॉकअ‍ॅबचं काम मात्र वेगळं आहे. तो वजन पेलत नाही, उसळी जिरवतो. गाडी बसते म्हणून शॉकअ‍ॅब बदलले तर पैसे जातात आणि गाडी तशीच बसलेली राहते. गाडीचं मागचं अंग जोरानं खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअ‍ॅब ठीक आहे. झोपाळ्यासारखी हलत राहिली, किंवा शॉकअ‍ॅबच्या नळीवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला समजा.

आधी टेप घ्या

गाडी सपाट खळ्यावर उभी करा. चारही टायरांत बरोबर हवा भरा आणि गाडी रिकामी करा. आता मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही आकडे वहीत लिहा. मग मोजून वजन भरा. गोण्यांचा हिशेब करताना लक्षात ठेवा, डीएपीची गोणी ५० किलोची असते, युरियाची आता ४५ किलोची. पुन्हा मोजा. आख आणि त्याच्या वरचं रबरी गट्टू यांत किती जागा उरली तेही बघा.

या आकड्यांवरून दुखणं कळतं. रिकामी गाडीच एका बाजूला झुकली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलेला असेल, नाहीतर शॅकलचा बुश खाल्लेला असेल. रिकामी गाडी दोन्हीकडून सारखीच बसलेली असेल तर कमान थकली आहे. रिकामी गाडी बरोबर उभी राहते आणि भरल्यावरच आपटते, तेव्हा कमानीपेक्षा भरण्यातच दोष असण्याचा संभव जास्त.

आता दोन पायांवर बसून टॉर्च मारा. पाट्यांवरचा चिखल तारेच्या ब्रशनं काढा. तुटलेल्या पाट्यावर आडवी रेघ दिसते. पाटे पंख्यासारखे बाजूला सरकले असतील तर त्यांना धरणारे क्लॅम्प गेले आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. स्टिअरिंग सरळ असताना त्यात फरक आला तर कमानीतला सेंटर बोल्ट तुटून आख सरकल्याची शंका घ्या. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, कारागिराला घरी बोलवा.

माल कुठं ठेवता?

पुष्कळ गाड्यांचं दुखणं इथंच सुटतं, म्हणून हा हिशेब नीट ऐका. समजा, पुढच्या आखापासून मागच्या आखापर्यंत ३०० सेंटिमीटर अंतर आहे. तुम्ही ५० किलोच्या २० गोण्या भरल्या, म्हणजे १००० किलो. मालाचा मध्य मागच्या आखाच्या ३० सेंटिमीटर मागं आला, तर मागच्या आखावर १००० नव्हे, ११०० किलो पडतात. वर पुढच्या आखावरचं १०० किलो वजन उचललं जातं. तोच माल पुढं सरकवून त्याचा मध्य आखाच्या ३० सेंटिमीटर पुढं आणला, तर मागं ९०० किलो पडतात आणि पुढं १०० किलोंची भर पडते. दोन फूट माल सरकवला आणि मागच्या कमानीवरचे २०० किलो उतरले. खर्च काहीच नाही.

कांदा घेऊन अहिल्यानगरच्या बाजाराला निघालं की तिसगाव सोडल्यावर करंजीचा घाट चढावा लागतो. चढावर वजन आणखी मागं जातं. मागं लादलेली गाडी तिथं वळणावर सरळच जाऊ पाहते, कारण पुढच्या चाकांना जमिनीवर धरच राहत नाही. रात्र असेल तर आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. तेव्हा जड गोण्या केबिनला लागून आणि खाली ठेवा, हलका माल मागं आणि वर.

दुरुस्ती कोणती करावी

माल नीट भरूनही गाडी बसत असेल तर मग कमानीला हात घाला.

पाटा तुटला असेल तर तसाच, त्याच जाडीचा पाटा टाकावा. एका बाजूची कमान नवी घातली तर दुसऱ्या बाजूचीही घालावी. नाहीतर नवी बाजू उंच राहते आणि गाडी तिरकी चालते.

कमान थकली असेल तर नवी जोडी घेणं सगळ्यांत चांगलं. जुने पाटे ठोकून पुन्हा वाक देतात. त्यानं काही दिवस निभतं, पण थकलेलं पोलाद पुन्हा बसतं. पाटा भट्टीत लाल करून वाकवणं तर फारच घातक. कारखान्यात त्याला जे पाणी दिलेलं असतं, ते भट्टीत उतरतं. मग तो एकतर मऊ पडतो, नाहीतर काचेसारखा तडकतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू नका.

नेहमीच माल वाहणाऱ्या गाडीला एक पाटा वाढवता येतो, पण जाडी बघा. सारख्या जाडीच्या चार पाट्यांत तसाच पाचवा टाकला तर कमान साधारण चौथ्या हिश्शानं कडक होते. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला तरी तो एकटाच जुन्या दोन पाट्यांपेक्षा कडक भरतो. मी दोन जाड पाटे टाकून काय केलं, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

आपली गाडी मात्र निम्मा वेळ रिकामी फिरते. अशा गाडीला हेल्पर पाटा बरा. तो रिकाम्या गाडीत टेकत नाही, माल भरून गाडी ठरावीक बसली की मगच कामाला लागतो. त्यामुळे रिकामी गाडी मऊ चालते आणि भरलीला आधार मिळतो. शॅकल लांब करणं किंवा आख आणि कमान यांच्यामध्ये ठोकळे घालणं यानं गाडी फक्त उंच दिसते, कमानीची ताकद रतीभरही वाढत नाही.

हे काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चेसीखाली भक्कम घोड्या लावा. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे शिकंज्यात आवळा, नाहीतर ते उसळून तोंडावर येतात. यू-बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा एकदा पाना लावा. ढिल्या यू-बोल्टमुळंच सेंटर बोल्ट तुटतो.

ब्रेक आणि दिवे

कित्येक पिकअपमध्ये मागच्या आखाला दांडीनं जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. मालानं मागचं अंग बसलं की तो मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. कमान उंच केली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. म्हणून पाट्यांचं काम झाल्यावर तो व्हॉल्व्ह जाणत्या माणसाकडून जुळवून घ्या. दिवेही पुन्हा लावून घ्या.

आणि एक. पाटे वाढवले म्हणून गाडीची ऐपत वाढत नाही. आख, टायर, ब्रेक, चेसी जुनीच असते. आरसी बुकात जेवढं वजन लिहिलं आहे तेवढीच तिची ताकद. माल वाहायच्या हौद्यात माणसं बसवू नका, वेचणीच्या बायका-पोरं तर नाहीच नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आधी मोजा, मग पाना उचला.
२. जड माल पुढं आणि खाली.
३. पाटे दोन्ही बाजूंचे, सारखे आणि योग्य जाडीचे.
४. भट्टी नको, वेल्डिंग नको.
५. कामानंतर यू-बोल्ट, ब्रेक आणि दिवे तपासा.

वहिनींचा हात पुढं जुळून आला, पण थंडीत अजून दुखतो. त्या दुखण्याची मला दर हिवाळ्याला आठवण होते. तुमच्या घरात कुणावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे दोन शब्द. येत्या सवडीच्या दिवशी टेप घेऊन गाडीखाली एकदा वाकून बघाच.

राम राम.