खोड मोजा, मग मशीन घ्या

(नागपूर जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



काटोल-नरखेडकडे डिंक्याने खाल्लेल्या, वयाने थकलेल्या संत्राबागा तोडून नवी लागवड करायची म्हटली की प्रश्न येतो, तोडणार कोण? कुऱ्हाडीला मजूर मिळत नाही. मग गावातला एखादा तरुण म्हणतो, चेन सॉ घेतो, आपलीही बाग तोडतो आणि चार जणांचीही. विचार चांगला आहे. आम्ही यंत्राच्या बाजूचेच आहोत. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य आपण मागतो ते काही फक्त कापसाच्या बियाण्यापुरतं नाही. पण स्वातंत्र्य म्हणजे दुकानदाराने पुढे केलं ते उचलणं नव्हे.

बाजारात 58 सीसीची, 22 इंची पट्टीची मशीन सर्रास दिसते. नवा माणूस म्हणतो, मोठी घेतली म्हणजे सगळंच कापलं जाईल. इथेच घात होतो. आधी सुतळीने खोडाचा घेर मोजा आणि तीनने भागा. घेर 24 इंच असेल तर जाडी झाली 8 इंच. पट्टी जाडीपेक्षा थोडी लांब असली की पुरे. संत्र्याला 14 ते 16 इंची पट्टी आणि 35 ते 45 सीसीची मशीन भरपूर झाली. बांधावरच्या जाड बाभळीला, सागाला 18 इंची पट्टी आणि 50 सीसीच्या आसपासची. सल काढायला तर मशीन नकोच, हातकरवत बरी.

लांब पट्टीचं टोक खोडाच्या पलीकडे जातं. संत्र्याला फांद्या खालपासून असतात. टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळते आणि धावती साखळी थेट तोंडाकडे येते. हात सावरायला वेळ मिळत नाही.

प्रोफेशनल म्हणजे जास्त सीसी नव्हे. दिवसभर चालेल, ताकदीच्या मानाने हलकी असेल आणि सुटे भाग मिळतील, ती प्रोफेशनल. दुकानातच मशीन सुरू करून दाखवायला सांगा. मंद चालीवर साखळी फिरता कामा नये. पुढच्या दांड्याने ब्रेक लावला की ती जागीच थांबली पाहिजे. हाताला मुंग्या आणणारी मशीन परत ठेवा. साखळी, प्लग, फिल्टर तालुक्याला मिळतात का, तेही विचारा. तोडणीच्या हंगामात बंद पडलेली मशीन म्हणजे घरात पडलेलं लोखंड.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मशीनच्या पुस्तकातल्या प्रमाणातच घाला. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हणजे 40 मिली. साखळीचं ऑइल वेगळं. साखळी मातीला लावू नका, लगेच बोथट होते. ढलप्यांऐवजी पीठ पडू लागलं की कानस हातात घ्या.

कायदाही लक्षात ठेवा. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. आपण लावायचं, आपण वाढवायचं आणि तोडायला परवानगी सरकारची! याविरुद्ध आपण बोलणारच. पण आज परवानगीशिवाय मशीन लावली तर भुर्दंड आपल्यालाच. संत्रा त्या यादीत नाही.

शेवटी हिशेब. शेतमालाच्या उत्पादन खर्चात शेतकऱ्याच्या जिवाची किंमत कोणी धरत नाही, ही आपली जुनी तक्रार. मग आपण तरी ती धरूया. जाळीचं हेल्मेट, कानाचं संरक्षण, जाड बूट, पायाला साखळीरोधक कापड हे सगळं मशीनच्याच किमतीत मोजा. त्यासाठी पैसे पुरत नसतील तर लहान मशीन घ्या, नाहीतर पाच-सहा जण मिळून घ्या. पहिली झाडं जाणत्या माणसासोबत पाडा. खांद्यावर उचलून कापू नका, एका हाताने तर नाहीच. झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या अंतरात कुणी उभं राहू देऊ नका.

बाग पुन्हा लावता येते. पाय पुन्हा लावता येत नाही.