लिटर म्हणजे किती?



लिटरवर व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. माझ्या शेजारच्या मुलाला ताप आला होता. डॉक्टरांनी औषध दिले, वेळेला ५ मिलिलिटर. बाटलीबरोबरचे माप हरवलेले. आई घरातल्या मोठ्या चमच्याने औषध पाजत होती. मी त्या चमच्याने पाणी मोजून पाहिले. १५ मिलिलिटर भरले! मूल सुखरूप आहे. पण बाई पदवीधर; १,००० मिलिलिटर म्हणजे १ लिटर हे कोष्टक त्यांना तोंडपाठ होते. कोष्टक पाठ होते, माप डोळ्यांत नव्हते.

आपल्या आज्यांच्या डोळ्यांत ते असे. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेरांची पायली. ही भांडीच घरात होती. निम्म्याच्या दुपटीने चढणारी ही रीत हाताला फार सोयीची होती, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. दोष दुसरीकडे होता. गावोगावची पायली निराळी; शिवाय घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना हात फिरवून द्यायचे! १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली ती या भांडणावर तोड म्हणून.

आता लिटर डोळ्यांपुढे आणा. १० सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद, तितकीच उंच पेटी. करंगळीच्या नखाएवढी, म्हणजे १ सेंटीमीटर बाजूची इवलीशी पेटी हा मिलिलिटर. मोठ्या पेटीच्या तळाशी अशा १०० बसतात, आणि थर १०. बाजू दसपट केली की पोटातला माल हजारपट होतो. इथेच सारे चुकतात. १ मीटर बाजूच्या हौदात किती लिटर, असे विचारा; कोणी १०० सांगेल. उत्तर १,०००.

मध्यंतरी शास्त्रज्ञही घोटाळले होते. १९०१ साली त्यांनी लिटर एक किलो पाण्यावरून ठरविला; तो पेटीहून दशलक्षात २८ भागांनी मोठा निघाला, म्हणून १९६४ साली पुन्हा पेटीच खरी धरली. आपणांस इतके बारीक नको. मात्र लिटर म्हणजे किलो हे पाण्यापुरते. गोडे तेल लिटरभर घेतले तर भरते सुमारे ९१० ग्रॅम. एका दुकानी किलोचा भाव, दुसऱ्या दुकानी लिटरचा, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवितो!

आणि पावसाळ्यात? धरणाचे पाणी आजही घनफुटांत सांगतात. इतके हजार क्युसेक सोडले, असे वर्तमानपत्रात येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरांहून थोडे अधिक, पंधरा लिटरी जवळजवळ दोन हंडे. २०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेअडतीस हजार हंडे. नदीकाठच्या माणसाला असे हंड्यांत सांगा. गोठ्यातली गुरे केव्हा सोडायची हे तो आपल्याला विचारायला थांबणार नाही.