स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि प्रतिनिधी बंधुभगिनींनो,

पुण्यनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. कामगाराचं शिक्षण वर्गात किती होतं नि कामावर किती, हा आपला विषय. मी त्यातला तज्ज्ञ नव्हे, भांड्यांचा व्यापारी. पण पुण्याविषयी बोलायला पुणेकराला अधिकार लागत नाही.

आजचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं ते ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावानं. पदव्या वाटायला नव्हे. रस्ते, पूल, कालवे यांच्या बांधकामावर सरकारला हाताखालची जाणती माणसं हवी होती म्हणून. पुढे इमारतीसाठी कावसजी जहांगीर रेडीमनींनी ५० हजार रुपये दिले. मुंबईच्या या पारशी गृहस्थाचं नाव त्या इमारतीवरून रोज जाणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक आहे? दिवसभर राबणाऱ्यांसाठी फुले दांपत्यानं रात्रशाळा काढली, तीही इथेच, १८५५ साली.

पण माझं खरं प्रेम कसब्यातल्या तांबट आळीवर. तिथलं मठारकाम सवड काढून पाहाच. घासून लख्ख केलेल्या तांब्यावर हातोडीचे ठोके, एकाला एक खेटून, ओळीनं. त्यानं पत्रा चमकतो आणि कडकही होतो. ठोका चुकला तर डोळ्याआधी कानाला कळतं. मुलगा बापाशेजारी बसतो, बाप मान वर न करता ‘हं’ म्हणतो. झाला तास! या ‘हं’चं प्रमाणपत्र कसं द्यायचं, ते आपण विद्वानांनी ठरवावं.

आता व्यवस्थेविषयी. काल रात्री उतरलेल्यांना गरम पाणी उशिरा मिळालं, काही खोल्यांत तिघांना दाटीवाटीनं झोपावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. पंखे आवाज करतात, ते बंद केले तर उकडतं. आम्ही आवाज पत्करला. जेवणात पुरणपोळी आहे, मात्र आग्रह पुणेरी पद्धतीचा असेल, तेव्हा लाजू नये.

सभागृह निम्म्या भाड्यात देणारे विश्वस्त, मांडववाले, दुधाचे पैसे न घेणारे डेअरीवाले, या सर्वांचे आभार. आपल्या पिशवीतलं तांब्याचं फुलपात्र ज्यांनी दिलं, त्यांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय. घेत नाही. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. स्वयंसेवक मुलामुलींचे आभार मानले तर ती हसतात, म्हणून त्यांना आज दोन पोळ्या जास्त.

फाटकासमोर ज्यांची पांढरी गाडी आहे त्यांनी ती कृपया हलवावी. शेजाऱ्यांनी पाटी लावायला घेतली आहे.