शिक्षणातला आनंद कुणाच्या वाट्याचा?



आम्ही शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ शिकलेली माणसे. शिक्षणावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, ज्याला ते थोडे मिळाले त्याला त्याची किंमत अधिक कळते. आज तीन इंग्रजी ख्रिस्ती निबंधकारांविषयी बोलावयाचे आहे. त्यांचा धर्म आपणांपैकी बहुतेकांचा नव्हे. पण त्यांचे प्रश्न आपल्या दारचेच आहेत.

पहिले चेस्टरटन. त्यांचा खडूवरील निबंध १९०९ सालच्या संग्रहात आहे. हे गृहस्थ तपकिरी कागद व रंगीत खडू घेऊन ससेक्सच्या टेकड्यांवर चित्रे काढावयास गेले. पाहतात तो पांढरा खडूच आणलेला नाही! जवळपास दुकान नाही. हळहळत बसले आणि एकाएकी हसत सुटले. कारण बूड टेकले होते ती सारी टेकडीच खडूची होती. दगडाचा तुकडा मोडला, काम भागले. हा निबंध वर्गात वाचून मुलांना विचारावे, ‘तुम्ही कशावर बसला आहात?’ आपल्या देशावरच्या मुलाचे उत्तर असेल, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसावर! विस्मयाला पैसा पडत नाही.

दुसरे सी. एस. लुईस. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला हा माणूस २२ ऑक्टोबर १९३९ रोजी ऑक्सफर्डच्या चर्चमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलला. दुसरे युद्ध नुकतेच पेटले होते. अशा वेळी अभ्यास कसला, हा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे असे की, माणूस सदाच कड्याच्या काठावर जगत आला. निर्धास्तपणाची वाट पाहिली असती, तर विद्येला आरंभच झाला नसता. आम्हांला वस्तीत हेच ऐकावे लागते: ‘आधी पोटाचे बघा, कविता मग.’ कामगाराच्या पोराला हुन्नर हवाच. पण आठ तासांचा दिवस कामगारांनी मागितला, तो उरलेले तास माणसासारखे जगता यावेत म्हणून. ते तास रिकाम्या मनाने कसे भरणार?

तिसऱ्या डोरोथी सेयर्स, रहस्यकथा लिहिणाऱ्या. १९४७ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की, लहानपणी मुलाला पाठांतरात गोडी असते, पुढे वाद घालण्यात आणि त्यापुढे स्वतःचे मांडण्यात. शिक्षणाने त्या ओढीबरोबर चालावे. आपण पाठांतर ठेवले आणि वाद गाळला. वर्गात ‘का?’ विचारणाऱ्याला खाली बसवतात. तोच मोठा होऊन पगारातली कपात पाहतो आणि गप्प राहतो.

राहिली परंपरा. चेस्टरटननी १९०८ साली तिला मृतांची लोकशाही म्हटले: केवळ मेले म्हणून पूर्वजांचे मत बाद करू नये. आम्ही सभावाले, आम्हांला हे पटते. मात्र मतदारयादी तपासून घ्यावी लागते. पोथी ज्यांच्या मालकीची, तेवढेच पूर्वज नव्हेत. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांचे, देवळाबाहेर उभ्या चोखोबांचेही मत मोजा. आणि पूर्वजांना मत द्या. जिवंतांचा निर्णय रद्द करण्याचा हक्क देऊ नका.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक शाळेत आठवड्याचा एक तास परीक्षेवेगळा असावा. त्यात मोठ्याने वाचावे, हसावे, भांडावे. हुन्नर भाकर देईल. ती भाकर कुणाच्या ताटातून कुणाच्या ताटात जाते, हे विचारण्याचे बळ या तासातून येईल.