बिघडलेल्या मराठीची बाजू



देवासात अध्यक्ष म्हणून बोलायला उभा आहे. राजा भोज आणि धारच्या भोजशाळेतले सर्पबंध यांचं नाव घेतल्याशिवाय माळव्यात व्याकरणावर बोलायला सुरुवात करत नाहीत. तर ते घेतलं. सापाच्या आकारात कोरलेल्या त्या शिलालेखांत वर्णमाला आहे, प्रत्यय आहेत, वाक्यविचार नाही. आपले वादही बहुतेक विभक्तीतच अडकून पडले, असं म्हटलं तर व्याकरणकार दामल्यांचे भक्त रागावतील. रागावोत.

चॉम्स्कींच्या १९५७च्या पुस्तकापासून आजवरच्या वाक्यविचाराचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची इच्छा होती. तो छापील प्रतीत आहे, सवडीनं वाचा. मला आज एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे: 'तो पोळी खाऊन राहिला आहे.'

हसलात! मी प्रबंधात हे वाक्य घातलं, तेव्हा परीक्षकही हसले होते. मग लाल शाईनं त्यावर काट मारली आणि समासात 'अशुद्ध' असं लिहिलं. विदर्भात, इंदुरात, आमच्या देवासच्या घराघरांत लोक बोलतात ते वाक्य पुराव्यातून बाद, आणि परीक्षकांच्या सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यातलं वाक्य म्हणजे मराठी! तेव्हापासून हे बोलायचं राहिलं होतं.

सकाळच्या सत्रात एक विद्वान म्हणाले, 'खाऊन राहिला' ही निव्वळ हिंदीतल्या 'खा रहा है'ची नक्कल. त्यांनी आमच्या शेजारच्या मुलीला भेटावं. शाळेत हिंदी, घरी मराठी. एकदा धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, बाळ रडून राहिलंय." राहिलंय! हिंदीत नपुंसकलिंग आहे कुठे? साचा शेजाऱ्याचा असेल, पण आतली लिंगव्यवस्था अस्सल मराठी. मग मी तिची परीक्षाच घेतली. 'दादानं पोळी खाऊन टाकली' चालतं? चालतं. 'दादानं पोळी खाऊन राहिली'? ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजोबा, तुम्हाला मराठी येत नाही का?"

टाकणे सकर्मक, राहणे अकर्मक. कर्त्याला 'ने' लागणार की नाही हे खाणे ठरवत नाही, 'खाऊन'च्या पुढचं क्रियापद ठरवतं. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, आणि ज्यांनी तिची भाषा बिघडलेली ठरवली त्यांनी तो तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

साचा शेजाऱ्याकडून घेणं नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला भाषाशास्त्रज्ञ गंपर्झ आणि विल्सन गेले. तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा शब्द आपापले ठेवून वाक्यरचनेत एकमेकींच्या किती जवळ आल्या, ते त्यांनी १९७१ साली मांडलं. आज भाषासंपर्काचा अभ्यासक त्या गावाला वळसा घालून जाऊ शकत नाही. तीच गोष्ट माळव्यात घडली की तिला बिघाड म्हणायचं!

एकाच वाक्याचं म्हणालो होतो, पण आणखी एक त्याच मुद्द्यावर येतं. 'त्याला आपलं घर आवडतं' यातल्या 'त्याला'ला कर्ता म्हणावं की नाही, यावर दुपारी दोन तास भांडण झालं. 'आपलं' कुणाचं? त्याचंच ना? 'आपलं' सहसा कर्त्याकडेच बोट दाखवतं; मग कर्त्याचं निदान एक लक्षण तरी 'त्याला'मध्ये आहे. आइसलँडिकमध्येही असे चतुर्थीतले कर्ते आहेत. ती बोलणारे चार लाखसुद्धा नाहीत, तरी जगातल्या वाक्यविचाराला त्या कर्त्यांची दखल घ्यावी लागली. कारण तिच्या अभ्यासकांनी आपल्या घरातल्या वाक्यांची लाज बाळगली नाही. आम्ही मात्र पुण्याचे पाहुणे आले की 'खातो आहे' म्हणतो, ते गेले की पुन्हा 'खाऊन राहिलो'.

आता कामाचं. देवास, धार, इंदूर, उज्जैनच्या मराठी घरांतलं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायला हवं, तेही आजच्या आजी-आजोबांपासून. माळवी बोलणारा एक तरी जाणकार बरोबर हवा. किती घरं, कोणती प्रश्नावली, पैसा कुठला, हे कार्यकारिणीनं बघावं. त्यात मला गती नाही. यंत्र कुणी आणून दिलं तर माझ्या गल्लीपासून मी सुरुवात करतो. फक्त एक अट आहे: लिहून घेताना कुणाचंही वाक्य दुरुस्त करायचं नाही. ज्यांना ती मान्य नसेल त्यांनी छापील आढाव्यावर चर्चा करावी, पुढचं सत्र त्यासाठीच ठेवलं आहे.