शाळेच्या पैशाचा हिशेब मागा
(काल्हेर, तालुका भिवंडी, येथें गांवकरी व पालक यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज आपण येथें जमलों आहों तें कोणाला हार घालण्यासाठीं नाहीं. दरसाल अर्थसंकल्पाचें अधिवेशन मुंबईस भरतें. त्यापूर्वीं आपल्या गांवच्या गरजा आमदारसाहेबांपुढें मांडावयाच्या आहेत. त्या कोणत्या हक्कानें मांडाव्या, कोणत्या क्रमानें मांडाव्या, आणि मांडल्यावर पुढें काय करावें, एवढेंच मी सांगणार आहें.

आधीं हक्काची गोष्ट. शाळेला एक खोली मिळाली तर ती कोणाची तरी मेहेरबानी, असें आपल्यापैकीं पुष्कळांना वाटतें. ही समजूत डोक्यांतून काढून टाका. इंग्रजी अमदानींत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी घेत, आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठीं राखीत. पट्टी भरी कुणबी, आगरी, माळी. शाळेंत बसे दुसऱ्याचाच मुलगा. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं हेंच गाऱ्हाणें लेखी घातलें. तिजोरी भरते रयतेच्या घामानें, आणि पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. जोतीरावांनीं भीक मागितली नाहीं, हिशेब मागितला.

१९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत केलें. १९२७ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं सरकारला आंकडाच दाखविला: शिक्षणावर माणशीं खर्च चौदा आणे, आणि दारूच्या करांतून माणशीं वसूल दोन रुपयांहून अधिक. त्यांच्याही हातांत आंकडा होता, अर्ज नव्हता.

आतां आपल्या काल्हेराकडे या. जेथें आपले वाडवडील भात लावीत, तेथें आज गोदामें उभीं आहेत. खाडीपलीकडे ठाणें, अलीकडे भिवंडी. मेट्रोच्या पांचव्या मार्गावर काल्हेरच्या नांवाचें स्टेशन धरलेलें आहे. २००७ पासून या पट्ट्यांतील गांवांच्या नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे गेला. जमिनीची, गाळ्याची, फ्लॅटची खरेदी झाली कीं सरकार मुद्रांक शुल्क घेतें, आणि त्यावरील एक टक्का अधिभार जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्या वांट्याचा असतो. शेतसाऱ्याबरोबरचा स्थानिक उपकर आहे. गोदामांची घरपट्टी आहे. म्हणजे पैसा या गांवांतून निघतो. तो शाळेपर्यंत पोहोंचतो कां, हें विचारणारा माणूस नसेल, तर आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, अशी गत व्हायची.

आणि एक कडू गोष्ट बोलतों. राग मानूं नका. जमिनीचा पैसा ज्या घरीं आला, त्या घरचीं मुलें इंग्रजी शाळेच्या बसमध्यें बसलीं. जिल्हा परिषदेच्या शाळेंत उरतीं तीं बहुधा हमालाचीं, माग चालविणाऱ्याचीं, वीटभट्टीवरल्याचीं आणि आपल्यांतल्याच गरिबांचीं. परगांवाहून आलेल्या पुष्कळांचें नांव येथल्या मतदार यादींत नाहीं, म्हणून ग्रामसभेंत त्यांचें तोंड नाहीं. मग सभेंत मागणी होते प्रवेशद्वाराच्या कमानीची, सभामंडपाची. कमानीवर नांव कोरतां येतें. शिक्षकाच्या भरलेल्या जागेवर कोणाचें नांव कोरतां येत नाहीं. जो दोष आपल्या आज्यापणज्यांनीं वरच्या वर्गाला दिला, तोच आज आपल्या अंगीं येत असेल, तर सत्यशोधकाचें नांव घेण्याचा आपल्याला काय अधिकार?

आतां कायदा ऐका. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत चारांत तीन सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. या समितीनें तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करावयाचा, आणि सरकारनें अनुदान देतांना तोच पाया धरावयाचा, असें कायद्यांतच लिहिलें आहे. तेव्हां आराखडा म्हणजे मुख्याध्यापकांनीं भरून सही घेण्याचा कागद नव्हे. मायबहिणींनो, सही करण्यापूर्वीं तो वाचून घ्या. वाचतां येत नसेल तर मुलाकडून वाचवून घ्या.

आमदारांकडे जातांना चार गोष्टी बरोबर न्या.

पहिली, मोजणी. गांवांत सहा ते चौदा वर्षांचीं मुलें किती, पटावर किती, शाळेबाहेर किती, मुली कोणत्या इयत्तेनंतर सुटतात, खोल्या किती, चालू स्थितींत संडास किती. गोदामाच्या चाळींतलीं मुलें मोजायला विसरूं नका.

दुसरी, क्रम. तीस मागण्या दिल्या म्हणजे देणाऱ्याला सोईची तेवढी तो उचलतो. तीनच द्या, आणि त्यांतली पहिली कोणती तें ग्रामसभेच्या ठरावांत लिहा.

तिसरी, योग्य दार. संडासाची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या पैशांत होत असेल, तर तिच्यासाठीं आमदारांच्या पायऱ्या झिजवूं नका. नवी खोली जिल्हा परिषदेकडून, जिल्हा वार्षिक योजनेंतून किंवा आमदारांच्या स्थानिक विकास निधींतून होऊं शकते. जिल्ह्याची योजना पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील नियोजन समितींत ठरते, आणि ती अर्थसंकल्पाआधींच शिजते. मार्चांत जागें होणाऱ्याला रिकामें पातेलें मिळतें. शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा मात्र राज्य सरकारचा प्रश्न. त्याला निधि मागून उपयोग नाहीं. आमदारांनीं सभागृहांत प्रश्न विचारावा, लक्षवेधी लावावी, हेंच मागा.

चौथी, पोंच. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठूं नका. "बघूं" हें उत्तर नव्हे. अधिवेशन संपलें कीं पुढच्या ग्रामसभेंत तो कागद उघडा आणि विचारा, तीनांपैकीं काय झालें?

एका फेरींत काम होणार नाहीं, हेंही सांगून ठेवतों. आपल्याच आगरी कुळांनीं अलिबागेकडे चरी येथें १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल विधानसभेंत आणलें, आणि १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतलीं हजारों कुळें मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेलीं. तरी खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. त्यांच्यापाशीं ना गोदाम होतें, ना बँकेंतला पैसा. मागणी एकच होती आणि ती त्यांनीं सोडली नाहीं.

ज्याचें स्वतःचें मूल त्या शाळेंत नाहीं, त्यानेंही उद्यांपासून मोजणीला यावें. सुरुवात गोदामाच्या चाळींतून करूं.